परतीची पिन आधी

पोरांनो, वाळूजला, चिकलठाण्याला, शेंद्र्याला तुमच्यासारखी ताज्या दमाची मुलंमुली आज बोर्ड डिझाइन करायला बसतात, याचा मला मनापासून आनंद होतो. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि आपलं छत्रपती संभाजीनगर गाड्यांच्या सुट्या भागांचं शहर म्हणून वाढत गेलं. त्या काळी दुचाकीतलं इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे फार तर इग्निशनची एक डबी. आज इंधन, ब्रेक, डिस्प्ले, बॅटरी या प्रत्येकाला स्वतंत्र बोर्ड आहे. बोर्ड वाढले तसे त्यांना जोडणारे कनेक्टर वाढले, आणि सिग्नलचा वेगही वाढला. विद्यापीठाच्या आवारात सीईडीटीआय ही संस्था होती, तीच आजची नायलिट. तिथून आणि शासकीय अभियांत्रिकीतून शिकून बाहेर पडलेल्या वरिष्ठांनी आम्हाला जे कानात सांगितलं, ते आता तुमच्या कानावर घालतो.

कनेक्टरच्या पिना वाटायला बसलं की बहुतेकजण आधी सिग्नलची यादी करतात. यादी ओळीने पिनांवर उतरवतात, पॉवरला दोन पिना देतात आणि उरेल ते ग्राउंडला. हा क्रम उलटा करा. आधी ग्राउंडच्या पिना ठरवा, मग त्यांच्या शेजारी सिग्नल बसवा. माझा मुख्य मंत्र हाच आहे. तो का, आणि प्रत्यक्षात कसा पाळायचा, ते आता एकेक करून सांगतो.

1. सिग्नल एकटा कधीच जात नाही

शाळेत आपण शिकलो की प्रवाहाला पूर्ण वर्तुळ लागतं. पण स्किमॅटिकवर ग्राउंडचं छोटं चिन्ह काढलं की ते वर्तुळ डोळ्यांआड होतं. जाणारी रेघ दिसते, येणारी दिसत नाही. म्हणून कनेक्टरवरच्या प्रत्येक सिग्नलकडे पाहताना स्वतःला विचारा: याचा प्रवाह परत कुठून येणार?

हा परतीचा प्रवाह सिग्नल पलीकडे पोहोचेपर्यंत थांबत नाही. सिग्नलची कड ट्रॅकवरून जशी पुढे सरकते, तसा खालच्या प्लेनमध्ये तिच्या अगदी खालून परतीचा प्रवाहही त्याच क्षणी सुरू होतो. वेग कमी असताना हा प्रवाह सर्वांत कमी रेझिस्टन्सची वाट धरतो आणि प्लेनभर पसरतो. वेग वाढला की त्याला रेझिस्टन्सपेक्षा इंडक्टन्स जास्त जाणवतो, आणि तो सर्वांत कमी इंडक्टन्सची वाट धरतो. ती वाट म्हणजे सिग्नलला चिकटून जाणारी वाट. बोर्डावर ती प्लेनमुळे आपोआप मिळते. कनेक्टरशी आल्यावर मात्र प्लेन संपतं, आणि तिथे तुम्ही जेवढ्या पिना दिल्या असतील तेवढ्याच वाटा उरतात. बोर्डाचं काम कितीही चोख असलं तरी कनेक्टरमध्ये कंजूषपणा झाला की सगळा त्रास तिथे गोळा होतो.

2. क्लॉकचा आकडा पाहू नका, कड किती तीव्र आहे ते पाहा

"आपला सिग्नल तर फक्त 10 मेगाहर्ट्झचा आहे, त्याला एवढं ग्राउंड कशाला?" हा प्रश्न मी सगळ्यात जास्त ऐकला आहे. सिग्नल सेकंदाला किती वेळा बदलतो यावर हा त्रास ठरत नाही. बदलताना तो किती झटकन वर चढतो किंवा खाली येतो, त्यावर ठरतो. चढायला 1 नॅनोसेकंद लागत असेल, तर त्या कडेत साधारण 350 मेगाहर्ट्झपर्यंतची ऊर्जा असते, मग क्लॉक 10 मेगाहर्ट्झचा असो की 1 मेगाहर्ट्झचा. 0.35 भागिले चढण्याची वेळ, हे सूत्र पाठच करून ठेवा.

दुसरा आकडा लक्षात ठेवा: नेहमीच्या ग्लास-इपॉक्सी बोर्डावर सिग्नल 1 नॅनोसेकंदात साधारण 15 सेंटिमीटर जातो. कडेची लांबी आणि तुमच्या केबलची लांबी यांची तुलना केली की ती केबल साधी वायर म्हणून चालेल की ट्रान्समिशन लाइन म्हणून हाताळावी लागेल, ते कळतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. चिप बनवणारे कारखाने वेळोवेळी जुनाच भाग नव्या, बारीक प्रक्रियेत काढतात. पार्ट नंबर तोच, क्लॉक तोच, पण कडा आधीपेक्षा तीव्र. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला बोर्ड मग अचानक चुका करू लागतो, आणि सगळे सॉफ्टवेअरवाल्याला धरतात. कनेक्टरमध्ये ग्राउंड मोकळ्या हाताने दिलेलं असेल तर असा बोर्ड तो बदलही पचवून जातो.

3. कागदावर एकदा हिशेब मांडा

फॅरेडेने 1831 मध्ये विद्युत प्रवर्तनाचा शोध लावला, आणि तेच तत्त्व आपल्या पिनेत रोज काम करतं. पिनेतला प्रवाह जितक्या झपाट्याने बदलेल, तितका तिच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज उभा राहतो. व्होल्टेज म्हणजे इंडक्टन्स गुणिले प्रवाह बदलण्याचा वेग.

आता आकडे घालू. 3.3 व्होल्टचे आठ डेटा सिग्नल 50 ओहमच्या लाइनवर सोडले, प्रत्येकाला ड्रायव्हरजवळ जुळता रेझिस्टर आहे. लाइनवर सुरुवातीला निम्मा, म्हणजे 1.65 व्होल्ट जातो, तेव्हा प्रत्येक सिग्नलचा प्रवाह 33 मिलिअँपिअर. आठही एकदम बदलले तर 264 मिलिअँपिअर, तोही 1 नॅनोसेकंदात. परतीला एकच पिन आहे आणि तिचा इंडक्टन्स 5 नॅनोहेन्री धरला, तर तिच्यावर सुमारे 1.3 व्होल्ट उठतो. म्हणजे एका बोर्डाचं ग्राउंड दुसऱ्या बोर्डाच्या ग्राउंडपेक्षा क्षणभर 1.3 व्होल्टने वेगळं होतं. प्रत्यक्षात इतका व्होल्टेज उठेपर्यंत कडाच मंदावतात, त्यामुळे स्कोपवर आकडा थोडा कमी दिसेल. पण 3.3 व्होल्टच्या टीटीएल पातळीत शून्य ओळखण्याची हद्द 0.8 व्होल्ट आहे आणि ड्रायव्हर 0.4 व्होल्टपर्यंतचं शून्य देऊ शकतो. हाताशी उरलेली जागा अवघी 0.4 व्होल्ट. तिथे 1.3 सोडा, 0.5 सुद्धा परवडत नाही.

तोच प्रवाह चार पिनांत नीट वाटला तर साधारण 0.33 व्होल्ट, आठ पिनांत वाटला तर 0.17 व्होल्ट. चार पिनांवर तुम्ही काठावर पास, आठांवर निर्धास्त. आठ सिग्नलना आठ ग्राउंड हे ऐकायला उधळपट्टी वाटतं, पण हिशेब मांडला की त्यामागचं कारण समोर येतं. पिनेचा इंडक्टन्स माहीत नसेल तर कच्च्या अंदाजाला दर मिलिमीटरला 1 नॅनोहेन्रीच्या आसपास धरा आणि पुढे चला.

4. गठ्ठा नको, पेरणी करा

आत्ताच्या हिशेबात "नीट वाटला तर" असं मी म्हणालो, ते मुद्दाम. चारही ग्राउंड पिना कनेक्टरच्या एका टोकाला शेजारीशेजारी ठेवल्या, तर त्या एकमेकींच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतात आणि चौपट फायदा मिळत नाही. शिवाय दुसऱ्या टोकाच्या सिग्नलला परतीसाठी सगळा कनेक्टर ओलांडून यावं लागतं. जाणारी आणि येणारी वाट यांमधली जागा म्हणजे एक वेटोळं. ते मोठं झालं की इंडक्टन्स वाढतो, आणि एकाच्या वेटोळ्यात दुसऱ्याचं वेटोळं येत असल्यामुळे क्रॉसटॉकही वाढतो.

नेहमीच्या 2.54 मिलिमीटर अंतराच्या बर्गस्टिकचं उदाहरण घ्या. 10 मिलिमीटर लांबीची सिग्नलची पिन आणि तिच्या लगतची ग्राउंडची पिन यांच्या वेटोळ्याचा इंडक्टन्स साधारण 8 नॅनोहेन्री येतो. तेच ग्राउंड दहा पिना लांब ठेवलं तर तो सुमारे 17 नॅनोहेन्री होतो. पिना तेवढ्याच, खर्च तेवढाच. फक्त जागा बदलली, आणि त्रास दुपटीने वाढला.

आपल्या मराठवाड्यात सोयाबीनमध्ये तूर घेतात, तेव्हा चार ओळी सोयाबीनच्या आणि दोन ओळी तुरीच्या असा पट्टा रानभर फिरवतात. सगळी तूर बांधाला नेऊन लावत नाहीत. ग्राउंड पिनांचंही तसंच करा. ठरावीक अंतराने त्या सिग्नलमध्ये पेरा.

जुन्या संगणकांनी हा धडा जगासमोर गिरवला आहे. आयएसए बसच्या 16 बिट खाचेत 98 संपर्क होते आणि त्यांत ग्राउंड फक्त चार. 8 मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या मंद बसला ते निभावलं. हार्ड डिस्कच्या 40 पिनी आयडीई कनेक्टरमध्ये ग्राउंड सात होते, पण सोळा डेटा लाइन 3 ते 18 या पिनांवर सलग, आणि त्यांच्या वाट्याला दोन टोकांचे दोन ग्राउंड: 2 आणि 19. सेकंदाला 33 मेगाबाइटपर्यंत हे चाललं. त्यापुढे जायचं म्हटल्यावर 80 तारांची रिबन केबल आणावी लागली. कनेक्टर 40 पिनांचाच राहिला, पण केबलमध्ये प्रत्येक सिग्नलच्या तारेशेजारी ग्राउंडची एकेक तार घातली गेली. वाढवलेल्या चाळीसही तारा ग्राउंडच्या होत्या, आणि तेवढ्यावर वेग 66, 100, 133 पर्यंत गेला. त्याउलट त्याच काळातली फ्लॉपीची 34 पिनी केबल बघा: सम पिनांवर सिग्नल आणि विषम पिनांवर ग्राउंड. काम मंद, तरी निम्म्या पिना परतीला दिलेल्या.

फ्लॉपीची ती युक्ती तुम्हालाही फुकट मिळते. एफआरसी केबलच्या दोन ओळींच्या कनेक्टरमध्ये तारा आळीपाळीने वरच्या आणि खालच्या ओळीत जातात. एक अख्खी ओळ ग्राउंडला दिली की केबलमध्ये प्रत्येक सिग्नलच्या दोन्ही बाजूंना आपोआप ग्राउंड येतं. एआरएम प्रोसेसरच्या 20 पिनी जेटॅग हेडरमध्येही चौथ्या पिनेपासून पुढची सम ओळ ग्राउंडचीच असते. कनेक्टर निवडताना शक्य असेल तर हीच रचना धरा.

5. प्रमाण कामानुसार ठरवा

सगळ्या सिग्नलना एकाच मापाने मोजू नका. मी धरत आलेलं प्रमाण सांगतो. क्लॉक आणि स्ट्रोब यांना दोन्ही बाजूंनी ग्राउंड. वेगवान डेटा बसला दर एका किंवा दोन सिग्नलमागे एक ग्राउंड. मध्यम वेगाच्या सिग्नलना तीन-चारांमागे एक. रिले, एलईडी, कळा अशा निवांत सिग्नलना आठ-दहांमागे एक पुरतं. रिसेट आणि इंटरप्ट हे दिसायला मंद, पण एक बारीक टोचणी लागली तरी सगळं यंत्र पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून त्यांना डेटा बसच्या शेजारी कधी बसवू नका, आणि त्यांच्या लगत एक ग्राउंड ठेवाच.

मोठी माणसं किती ग्राउंड देतात, तेही पाहून ठेवा. एफपीजीए बोर्डांवरचा एफएमसी कनेक्टर मोठ्या आवृत्तीत 400 पिनांचा असतो, आणि त्यांतल्या 159 पिना ग्राउंडच्या आहेत. छोट्या आवृत्तीत 160 पैकी 61. दोन्हीकडे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या जवळ. तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधल्या रास्पबेरी पायच्या 40 पिनी हेडरवरही आठ ग्राउंड आहेत, आणि ते 6, 9, 14, 20, 25, 30, 34, 39 असे दूरदूर पेरलेले आहेत. हा आराखडा बनवणाऱ्यांनी पिना वाया घालवल्या असं समजू नका. त्यांनी तुमच्या जंपर वायरींची काळजी आधीच घेऊन ठेवली आहे.

6. जोडीच्या सिग्नललाही ग्राउंड द्या

डिफरन्शियल जोडीत एका तारेचा प्रवाह दुसरीतून परततो, मग ग्राउंड कशाला, असं तुम्ही म्हणाल. एलव्हीडीएसमध्ये 3.5 मिलिअँपिअरचा प्रवाह 100 ओहममधून फिरतो आणि 350 मिलिव्होल्टचा सिग्नल देतो, हे पुस्तकात असतंच. पण दोन्ही तारा अगदी एकसारख्या कधीच नसतात. एकीचा ट्रॅक मिलिमीटरभर लांब असतो, एकीची कड किंचित उशिरा येते. या फरकातून दोघींना एकत्र हलवणारा प्रवाह तयार होतो, आणि तो जोडीतून परत येऊ शकत नाही. त्याला ग्राउंडच लागतं. शिवाय एका जोडीचा त्रास शेजारच्या जोडीला होऊ नये म्हणून मध्ये भिंत हवी, ती भिंतही ग्राउंडचीच पिन.

साटाच्या डेटा कनेक्टरमध्ये सातच पिना आहेत आणि क्रम असा: ग्राउंड, जोडी, ग्राउंड, जोडी, ग्राउंड. सातांपैकी तीन पिना परतीला. पीसीआय एक्सप्रेसच्या सगळ्यात छोट्या खाचेत 36 संपर्क आहेत, त्यांतले नऊ ग्राउंडचे, आणि प्रत्येक वेगवान जोडीच्या दोन्ही अंगांना ग्राउंड आहे. एचडीएमआयच्या 19 पिनांत चारही जोड्यांना स्वतःची वेगळी शील्डची पिन दिली आहे.

कुणी म्हणेल, इथरनेटच्या आरजे-45 मध्ये आठ पिना आहेत आणि एकही ग्राउंड नाही. बरोबर. पण तिथे दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर आहेत आणि केबलमधली प्रत्येक जोडी पीळ दिलेली आहे. तुमच्या दोन बोर्डांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्या रचनेची नक्कल करू नका.

7. मोटारीची परतवाट आणि सेन्सरची परतवाट वेगळी ठेवा

हा मंत्र आपल्या शहराच्या कामाला सगळ्यात जवळचा. गाडीच्या कंट्रोलरमध्ये एकाच कनेक्टरवरून सोलेनॉइड, मोटार, सेन्सर आणि कॅन बस असं सगळं येतं. वायर आणि पिनेचा संपर्क मिळून परतीच्या वाटेत 20 मिलिओहम आहेत असं धरा. त्यातून सोलेनॉइडचे 5 अँपिअर गेले तर त्या वाटेवर 100 मिलिव्होल्ट पडतात. सेन्सरचं ग्राउंडही त्याच पिनेवर बांधलं असेल, तर सेन्सर खरं सांगतो आणि कंट्रोलर 100 मिलिव्होल्टने खोटं ऐकतो. 5 व्होल्टच्या 10 बिट कन्व्हर्टरची एक पायरी सुमारे 4.9 मिलिव्होल्ट, म्हणजे वीस पायऱ्यांची चूक झाली. इथे वेगाचा काही संबंध नाही. साधा ओहमचा नियम आहे.

म्हणून दणकट प्रवाहाच्या ग्राउंडला वेगळ्या पिना द्या, आणि त्या पिनांची अँपिअर क्षमता गरम वातावरणात किती उरते ते डेटाशीटच्या आलेखावरून पाहा. सेन्सरच्या परतीला स्वतःची पिन द्या. दोन्ही ग्राउंड बोर्डावर कुठे भेटतील ती जागा तुम्ही ठरवा, हार्नेसवर सोडू नका.

8. पिनेच्या मुळाशी काय चाललंय ते पाहा

पिना उत्तम वाटल्या आणि बोर्डावर त्यांचं मूळच कमजोर राहिलं, असं फार वेळा दिसतं. लेआउटमध्ये तीन गोष्टी स्वतः तपासा. पहिली: ग्राउंडच्या पिनेपासून प्लेनपर्यंत लांब, बारीक ट्रॅक नको. एसएमडी कनेक्टर असेल तर पॅडला लागूनच व्हाया टाका, जमल्यास दोन. दुसरी: थ्रू-होल कनेक्टरच्या प्रत्येक सिग्नल पिनेभोवती प्लेनमध्ये मोकळं वर्तुळ असतं. ही वर्तुळं मोठी ठेवली तर ती एकमेकांना भिडतात आणि प्लेनमध्ये कनेक्टरच्या लांबीची एक सलग फट पडते. मग परतीच्या प्रवाहाला फटीला वळसा घालून यावं लागतं आणि तुमची सगळी पेरणी फुकट जाते. दोन पिनांमधून तांब्याची पट्टी जाते ना, हे गर्बर फाइलमध्ये डोळ्यांनी पाहा.

तिसरी: सिग्नल बोर्डावर 3.3 व्होल्टच्या प्लेनवरून येत असेल, तर त्याचा परतीचा प्रवाह त्या पॉवर प्लेनमध्ये असतो. कनेक्टरशी त्याला ग्राउंडवर उतरायला पूल लागतो. तो पूल म्हणजे कनेक्टरला लागून ठेवलेले 100 नॅनोफॅरडचे कपॅसिटर, पॉवर आणि ग्राउंड यांच्यामध्ये. पॉवरच्या प्रत्येक पिनेशेजारी ग्राउंडची पिन ठेवलीत तर हे काम आणखी सोपं होतं.

9. आधी जुळते ती, टोकाची, आणि रिकामी

चालू यंत्रात कनेक्टर घालायचा-काढायचा असेल तर ग्राउंड सगळ्यात आधी जुळलं पाहिजे आणि सगळ्यात शेवटी सुटलं पाहिजे. साटामध्ये ग्राउंडचे संपर्क त्यासाठीच लांब असतात. यूएसबीच्या जुन्या चपट्या प्लगमध्येही पॉवर आणि ग्राउंडच्या पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा पुढे आलेल्या असतात. एखादा प्लग हातात घ्या आणि पाहा.

टोकाच्या पिनेला ओढाताण जास्त बसते. दुचाकीवर, ट्रॅक्टरवर, कंप्रेसरजवळ सतत हादरे असतात. कथिलाच्या मुलाम्याचे संपर्क एकमेकांवर सूक्ष्म घासत राहतात आणि घासून निघालेली पूड ऑक्साइड होऊन साचते. म्हणून एकमेव ग्राउंड टोकाच्या पिनेवर कधीच ठेवू नका. दोन टोकांना दोन आणि मध्ये काही, असं ठेवा, म्हणजे एक रुसली तरी यंत्र चालू राहील. एका बाजूला सोन्याचा मुलामा आणि दुसऱ्या बाजूला कथिलाचा, अशी जोडी जमवू नका.

कनेक्टर उलटा बसण्याची शक्यता असेल तर ग्राउंड सममितीत मांडा. यूएसबी-सीच्या 24 पिनांत ग्राउंड चारही कोपऱ्यांत आहे, त्यामुळे प्लग कसाही घातला तरी ग्राउंडला ग्राउंडच भेटतं. आणि शेवटी पिना उरल्याच, तर त्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा ग्राउंडला जोडा. पुढच्या आवृत्तीत सिग्नल वाढेल म्हणून दोन-तीन पिना राखायच्या असतील, तर त्यांच्या शेजारचं ग्राउंडही आजच राखून ठेवा.

10. मोजताना हाच नियम प्रोबलाही लावा

ग्राउंड हललं की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे. बसमधली एक लाइन शून्यावर बांधून ठेवा आणि बाकीच्या सगळ्या एकदम वरखाली करा. गप्प ठेवलेली लाइन पलीकडच्या बोर्डावर किती उसळते ते पाहा. तिची उसळी म्हणजे तुमच्या कनेक्टरची परीक्षा.

पण प्रोबची ती मगरीच्या तोंडाची लांब ग्राउंड वायर लावून मोजलंत, तर कनेक्टरऐवजी प्रोबचाच दोष दिसेल. त्या वायरीचा इंडक्टन्स 150 नॅनोहेन्री आणि प्रोबचा कपॅसिटन्स 10 पिकोफॅरड धरला, तर दोघं मिळून 130 मेगाहर्ट्झच्या आसपास वाजतात. प्रोबच्या टोकाला बसणारी छोटी ग्राउंड स्प्रिंग वापरा. ती डबीत पडून असते. तिला बाहेर काढा.

हलणाऱ्या ग्राउंडचा दुसरा त्रास ईएमसीच्या चाचणीत दिसतो. बोर्डांमधला तो क्षणिक व्होल्टेज बाहेर जाणाऱ्या केबलला अँटेना बनवतो. 1 मीटर केबलवर 50 मेगाहर्ट्झचा सुमारे 5 मायक्रोअँपिअरचा प्रवाह एकत्र वाहिला, तरी घरगुती उपकरणांसाठीची अमेरिकन मर्यादा ओलांडते. मायक्रोअँपिअर म्हणालो, लक्षात घ्या. आपल्याकडची गाड्यांची उपकरणं चाचणीला पुण्याला एआरएआयकडे जातात. तिथे नापास झाल्यावर फेराइटचे मणी आणि तांब्याची टेप चिकटवत बसण्यापेक्षा, डिझाइनच्या टेबलावर चार पिना वाढवणं केव्हाही स्वस्त. केबलला शील्ड असेल तर ती कनेक्टरच्या धातूच्या खोळीला चहूबाजूंनी भिडवा. शेपटीसारखी एक वायर काढून जोडली की शील्डचा बराचसा उपयोग निघून जातो. आणि शील्ड आहे म्हणून आतल्या ग्राउंड पिना कमी करू नका, दोघींची कामं वेगळी आहेत.

11. भांडायचं असेल तर पहिल्या आठवड्यात भांडा

पिनांची संख्या यंत्राची खोळ ठरण्याआधी निश्चित व्हायला हवी. मेकॅनिकलवाल्यांनी कनेक्टरची खाच एकदा कापली आणि खरेदी विभागाने भाव ठरवला की मग 20 च्या जागी 30 पिना कुणी देत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नसतो. म्हणून प्रोजेक्टच्या पहिल्या बैठकीतच पिनांची शीट घेऊन जा. प्रत्येक ग्राउंड पिनेपुढे ती कोणत्या सिग्नलसाठी आहे ते लिहा. नुसतं "ग्राउंड" लिहिलेली पिन काटकसरीच्या वेळी पहिली कापली जाते. "क्लॉकची परत" असं लिहिलेली पिन कापताना माणूस विचार करतो.

ज्यांना आणखी खोलात जायचं आहे त्यांनी हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम यांचं हाय-स्पीड डिजिटल डिझाइनवरचं 1993 चं पुस्तक शांतपणे वाचावं. कनेक्टर बनवणाऱ्या कंपन्या आपल्या कनेक्टरची एस-पॅरामीटर मॉडेलं देतात, ती मागून घ्या आणि सिम्युलेशनमध्ये तुमच्याच पिनवाटपाने चालवून पाहा. गिगाबिटच्या कामात अंदाज पुरत नाही, तिथे मॉडेल लागतंच. पण मॉडेल चालवण्याआधी कागदावरचा हिशेब झालेला असू द्या, म्हणजे संगणकाने दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे तुमचं तुम्हाला कळेल.

आता एक काम करा. सध्या तुमच्या हातात असलेल्या प्रोजेक्टची पिनांची शीट उघडा आणि वरून खालपर्यंत एकेका सिग्नलवर बोट ठेवा. त्याचा प्रवाह कोणत्या पिनेतून परत येतो ते मोठ्याने सांगा. जिथे उत्तर अडेल, तिथे ग्राउंड वाढवा किंवा सिग्नल हलवा. ज्या कनेक्टरमधल्या एकेका सिग्नलची परतवाट तुम्हाला अशी दाखवता येत नाही, तो कनेक्टर फॅब्रिकेशनला पाठवू नका.